पटल प्रथिनांचे विद्युत् मापन व सूक्ष्मदर्शन

कोशिकेभोवतीच्या (पेशीभोवतीच्या) पातळ आवरणात म्हणजे कोशिकापटलात रुतून बसलेल्या प्रथिनांमधून विद्युत् भारित आयनांची (अणू व अणुगटांची) ये-जा होते. या प्रथिनांतून वाहणारा प्रवाह, त्यांची संवाहकता, त्यांच्या पृष्ठावरील विद्युत् भाराची वाटणी व त्यांचा विद्युत् अपारक स्थिरांक (पदार्थात विद्युत् क्षेत्र किती प्रमाणात क्षीण होते हे दर्शविणारी संख्या) ठरविणे याला पटल प्रथिनांचे विद्युत् मापन म्हणतात. याच प्रथिनांची रचना व पटलावरील मांडणी पाहण्यासाठी उच्च विभेदनक्षमतेचे (अगदी जवळजवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखविण्याची क्षमता असलेले) सूक्ष्मदर्शक वापरतात. तंत्रिकेतील (मज्जातंतूतील) संदेशवहन, हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन व वेदनेची जाणीव या सर्व क्रिया अशा प्रथिनांवर अवलंबून असल्यामुळे या मापनाला शरीरक्रियाविज्ञानात व औषधिविज्ञानात मूलभूत महत्त्व आहे.

या विषयाचा इतिहास म्हणजे मोजणे व पाहणे या दोन प्रवाहांचा इतिहास होय. हे प्रवाह दीर्घकाळ वेगवेगळे वाहत राहिले. विद्युत् मापनाने प्रथिन काय करते हे समजले, पण ते कसे आहे हे समजले नाही. सूक्ष्मदर्शकाने ते कसे आहे हे दाखविले, पण ज्या स्थितीत ते पाहिले ती त्याच्या कार्याची कोणती अवस्था होती, हे चित्रावरून सांगता येईना. हे दोन्ही पुरावे एकाच रेणूवर एकत्र आणणे हे या क्षेत्रातील मुख्य उद्दिष्ट ठरले.

अडचणीचे स्वरूप पुढील आकड्यांवरून लक्षात येईल. पटलातील लिपिडांच्या (वसायुक्त पदार्थांच्या) थराची जाडी सु. ४ नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश) असते. विश्रांत तंत्रिका-कोशिकेचा अंतर्भाग बाहेरच्या मानाने सु. ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. हा वर्चस् भेद (विद्युत् पातळीतील फरक) दिसायला लहान असला, तरी तो इतक्या कमी जाडीवर विभागलेला असल्याने पटलातील विद्युत् क्षेत्राची तीव्रता दर मीटरला सु. १·७५ कोटी व्होल्ट एवढी येते. कोरड्या हवेत दर मीटरला सु. ३० लक्ष व्होल्ट एवढ्या तीव्रतेलाच ठिणगी पडते. पटल प्रथिने या प्रखर क्षेत्रात सतत काम करीत असतात. पटलातून अलग काढून पाहिलेल्या प्रथिनावर मात्र हे क्षेत्र नसते.

आरंभीचे संशोधन : सजीवांतील विजेच्या अभ्यासाची सुरुवात लुईजी गॅल्व्हानी यांच्या बेडकावरील प्रयोगांपासून मानतात. हे प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध झाले. जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक यूलिउस बेर्नश्टाइन यांनी १९०२ मध्ये असे प्रतिपादन केले की, विश्रांत कोशिकेचे पटल मुख्यतः पोटॅशियम आयनांनाच पार होऊ देते व त्यामुळे पटलाच्या दोन बाजूंत वर्चस् भेद निर्माण होतो. यासाठी त्यांनी व्हाल्टर नेर्न्स्ट यांच्या विद्युत् रसायनशास्त्रीय सिद्धांताचा आधार घेतला.

पटलाची जाडी प्रथम ठरली ती ते पाहून नव्हे, तर विद्युत् मापनाने. ह्यूगो फ्रिके यांनी रक्तातील तांबड्या कोशिकांच्या निलंबनाची धारकता (विद्युत् भार साठविण्याची क्षमता) मोजली आणि १९२५ मध्ये पटलाच्या दर चौ. सेंमी. ला ०·८१ मायक्रोफॅराड हे मूल्य दिले. पटल तेलकट पदार्थाचे असून त्याचा अपारक स्थिरांक ३ आहे असे गृहीत धरून त्यांनी त्याची जाडी ३·३ नॅनोमीटर काढली. त्याच वर्षी ई. गॉर्टर व एफ. ग्रेंडेल यांनी पटल लिपिड रेणूंच्या दोन थरांचे बनलेले असते असा निष्कर्ष मांडला. पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यानंतर सहा वर्षांनी, १९३१ मध्ये, तयार झाला. जे. डी. रॉबर्टसन यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पटलाची त्रिस्तरी प्रतिमा मिळविली. प्रथिनांसह तिची जाडी सु. ७·५ नॅनोमीटर भरली. फ्रिके यांचे मूल्य या थरातील केवळ तेलकट गाभ्याचे होते, हे ध्यानात घेतल्यास त्यांचे अनुमान किती अचूक होते ते दिसून येते.

वर्चस् नियंत्रण पद्धती : जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये स्क्विड (माकूळ) या समुद्री प्राण्याच्या महातंत्रिकाक्षाकडे (तंत्रिका-कोशिकेच्या असाधारण जाड धाग्याकडे) वैज्ञानिकांचे लक्ष वेधले. या धाग्याचा व्यास अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे त्यात विद्युत् अग्र घालता येते. के. एस. कोल व एच. जे. कर्टिस यांनी १९३९ मध्ये दाखविले की, तंत्रिकेतून संवेग जात असताना पटलाचा रोध दर चौ. सेंमी. ला सु. १,००० ओहमवरून सु. २५ ओहमपर्यंत उतरतो, परंतु धारकता जवळजवळ बदलत नाही. यावरून पटलाचा फार थोडा भाग आयनांना वाट देतो व उरलेले पटल जसेच्या तसे राहते, असे अनुमान निघाले.

पटलावरील वर्चस् ठरावीक मूल्यावर स्थिर ठेवून त्यासाठी लागणारा प्रवाह मोजण्याची वर्चस् नियंत्रण पद्धती १९४७ नंतर विकसित झाली. ती वापरून ए. एल. हॉजकिन व ए. एफ. हक्सली यांनी १९५२ मध्ये तंत्रिका संवेगाचा गणिती सिद्धांत मांडला. सोडियम व पोटॅशियम आयनांच्या वाटा स्वतंत्र असून त्यांची उघडझाप पटलावरील वर्चसानुसार होते, हे त्यांनी सिद्ध केले. या कार्याबद्दल त्यांना जॉन एक्लस यांच्याबरोबर १९६३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. वर्चसामुळे उघडझाप होत असेल, तर पटलातच काही विद्युत् भारित भाग सरकला पाहिजे व त्या सरकण्याचाही अल्पसा प्रवाह असला पाहिजे, असे त्यांच्या सिद्धांतातून निष्पन्न होत होते. त्या काळच्या उपकरणांना तो सापडला नाही. क्ले आर्मस्ट्राँग व फ्रान्सिस्को बेझानिया यांनी १९७३ मध्ये आयनांचे प्रवाह थोपवून स्क्विडच्या तंत्रिकाक्षात हा ‘झडप-प्रवाह’ प्रत्यक्ष मोजला. पुढील मापनांवरून एका पोटॅशियम मार्गाच्या उघडण्यात सु. १२ ते १४ मूल विद्युत् भार पटलातील क्षेत्र पार करतात, असे दिसून आले. जो भाग कोणीही पाहिलेला नव्हता, त्याच्या हालचालीचा हिशेब अशा प्रकारे आधीच मांडला गेला होता.

एकेका रेणूचे मापन : वरील सर्व मापने हजारो वा लाखो मार्गांच्या एकत्रित प्रवाहाची होती. पॉल म्यूलर, डोनाल्ड रुडिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये लिपिडांचे कृत्रिम द्विस्तरी पटल तयार केले. अशा पटलात ग्रॅमिसिडीन या प्रतिजैव पदार्थाचा अत्यल्प अंश घातला असता प्रवाह सलगपणे न वाढता समान पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो, असे एस. बी. हलाडकी व डी. ए. हेडन यांनी १९७० मध्ये दाखविले. प्रत्येक पायरी म्हणजे एका मार्गाचे उघडणे होय.

जिवंत कोशिकेत अशी पायरी ओळखणे अधिक कठीण होते. एका मार्गातील प्रवाह काही पिकोअँपिअर (१ पिकोअँपिअर = अँपिअरच्या दशलक्षांशाचा दशलक्षांश) एवढाच असतो. १ पिकोअँपिअर प्रवाह म्हणजे दर सेकंदाला सु. ६२ लक्ष एकभारी आयनांचा ओघ होय. ही संख्या मोठी वाटली, तरी मापनमंडलातील औष्णिक गोंगाटात (उष्णतेमुळे होणाऱ्या प्रवाहाच्या अनियमित चढउतारात) ती सहज लोपते. एर्व्हीन नेहेर व बेर्ट झाकमान या जर्मन शास्त्रज्ञांनी अतिसूक्ष्म तोंडाची काचनलिका बेडकाच्या स्नायुकोशिकेवर टेकवून तेवढाच तुकडा उरलेल्या पटलापासून विद्युत् दृष्ट्या अलग केला आणि १९७६ मध्ये ॲसिटिलकोलीन-ग्राहीतील एकेका मार्गाचे प्रवाह प्रसिद्ध केले. पुढे नलिकेत हलकेच चोषण दिल्यास काच व पटल यांचा सांधा इतका घट्ट होतो की, त्याचा रोध अब्जावधी ओहमपर्यंत जातो, असे आढळून आले. याचे महत्त्व साध्या गणिताने कळते. सांध्याचा रोध ५ कोटी ओहम असल्यास १,००० हर्ट्‌झच्या कंप्रतापट्ट्यात त्याचा औष्णिक गोंगाट सु. ०·६ पिकोअँपिअर असतो. रोध १,००० कोटी ओहम झाल्यास तो सु. ०·०४ पिकोअँपिअरपर्यंत उतरतो. १९८१ मध्ये या सुधारित पद्धतीचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध झाले व ‘पॅच क्लँप’ या नावाने ती सर्वत्र रूढ झाली. नेहेर व झाकमान यांना १९९१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आता एका प्रथिन-रेणूची उघडझाप मिलिसेकंदाच्या अंशापर्यंत नोंदविता येऊ लागली. तथापि नलिकेखालील रेणू नेमका कोठे आहे व त्याचा आकार कसा आहे, हे या पद्धतीने कळत नाही. नोंदपट्टीवर फक्त ‘उघडा’ व ‘मिटलेला’ एवढेच उमटते.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन : रचना पाहण्याच्या प्रवाहात पहिले मोठे यश १९७५ मध्ये मिळाले. अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोबॅक्टिरियम या सूक्ष्मजंतूच्या ‘जांभळ्या पटला’त बॅक्टेरिओऱ्होडॉप्सीन हे प्रकाशाच्या ऊर्जेवर प्रोटॉन बाहेर टाकणारे प्रथिन असते. ते पटलात निसर्गतःच स्फटिकासारखे षट्‌कोनी मांडणीत रचलेले असते. रिचर्ड हेंडरसन व नायजेल अन्विन यांनी हे पटल ग्लुकोजमध्ये ठेवून अगदी क्षीण इलेक्ट्रॉन झोताने त्याच्या प्रतिमा घेतल्या व अनेक रेणूंची सरासरी काढून ०·७ नॅनोमीटर विभेदनाचा त्रिमितीय नकाशा तयार केला. त्यात पटलाच्या आरपार गेलेली सात मळसूत्रे दिसली. पटल प्रथिनाच्या अंतर्रचनेचे हे पहिलेच दर्शन होते. १९९० मध्ये हेंडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रथिनाची अणुपातळीवरील प्रतिकृती दिली.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात निर्वात आवश्यक असतो व इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने जैव पदार्थाची हानी होते. झाक द्युबोशे व सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या सुरुवातीस पाण्याचा पातळ थर इतक्या वेगाने गोठविण्याची रीत काढली की, त्यात बर्फाचे स्फटिक न बनता ते काचेसारखे घट्ट होते. या रीतीमुळे प्रथिन ओल्या अवस्थेत जसे असेल तसेच टिकून राहते. अन्विन यांनी टॉर्पेडो या विद्युत् माशातील ॲसिटिलकोलीन-ग्राहीवर ही रीत वापरली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी गोठविण्यापूर्वी केवळ काही मिलिसेकंद आधी नमुन्यावर ॲसिटिलकोलीनचे तुषार उडविले व मार्ग उघडा असतानाची प्रतिमा मिळविली. विद्युत् मापनाने उघडझापेचा जो काल सांगितला होता, त्याच्याशी येथे सूक्ष्मदर्शनाचा मेळ घालावा लागला, ही बाब लक्षणीय आहे.

याच सुमारास प्रथिनांमधील ॲमिनो अम्लांचा क्रम जनुकांवरून वाचता येऊ लागला होता. क्योतो येथील शोसाकू नुमा यांच्या गटाने १९८४ मध्ये विद्युत् ईलच्या सोडियम मार्गाचा क्रम प्रसिद्ध केला. त्यातील चौथ्या मळसूत्रावर ठरावीक अंतराने धन विद्युत् भारित ॲमिनो अम्ले आढळली व हेच मळसूत्र वर्चसाची जाणीव ठेवत असावे असा तर्क पुढे आला. रॉडरिक मॅकिनन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये क्ष-किरण स्फटिकविज्ञानाने एका सूक्ष्मजंतूच्या पोटॅशियम मार्गाची रचना उलगडली. त्याबद्दल मॅकिनन यांना पीटर ॲग्री यांच्याबरोबर २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन पुराव्यांतील विसंवाद : २००३ मध्येच मॅकिनन यांच्या गटाने केव्हीएपी या वर्चस्-संवेदी पोटॅशियम मार्गाची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. तीत संवेदी मळसूत्रे पटलाच्या आतल्या पृष्ठालगत आडवी दिसली व ती वल्ह्यासारखी पटलातून दूरवर सरकत असावीत असे प्रतिमान मांडले गेले. झडप-प्रवाह व अनुस्फुरक खुणांचा प्रकाश यांची मापने करणाऱ्या अनेक संशोधकांना ते मान्य झाले नाही; त्यांच्या मापनांनुसार हालचाल बरीच कमी होती. स्फटिक बनविण्यासाठी प्रथिन पटलातून बाहेर काढून त्याला प्रतिपिंडाचे तुकडे जोडावे लागले होते. त्यामुळे त्याची घडण विकृत झाली असावी, असे पुढे सर्वसाधारणपणे मान्य झाले. याच गटाने २००५ मध्ये उंदराच्या मेंदूतील तत्सम मार्गाची रचना दिली. तीत ही मळसूत्रे पटलाच्या आरपार उभी होती व विद्युत् मापनांशी तिचा बराचसा मेळ बसला. अणूंच्या जागा अचूक दाखविणारी रचनासुद्धा विद्युत् मापनाच्या कसोटीवर उतरावी लागते, ही गोष्ट या वादाने स्पष्ट केली.

चाचपणारे सूक्ष्मदर्शक : दोन्ही प्रवाह एका उपकरणात आणण्याचा मार्ग वेगळ्या दिशेने आला. गेर्ट बिनिख, कॅल्व्हिन क्वेट व क्रिस्टोफ गेर्बर यांनी १९८६ मध्ये आणवीय बल सूक्ष्मदर्शक तयार केला. यात लवचिक पट्टीला बसविलेले अतिसूक्ष्म टोक नमुन्यावरून फिरते व पट्टीच्या वाकण्यावरून पृष्ठाचा उंचसखलपणा कळतो. यास प्रकाश वा निर्वात लागत नसल्याने नमुना क्षारयुक्त पाण्यात, नैसर्गिक परिस्थितीत ठेवता येतो. १९९० नंतरच्या दशकात डॅनिएल म्यूलर, आंड्रेआस एंगेल प्रभृतींनी जांभळ्या पटलातील एकेक प्रथिन १ नॅनोमीटरपेक्षा कमी विभेदनाने पाहिले.

हे टोक विद्युत् बलही ओळखू शकते. पाण्यातील भारित पृष्ठाभोवती विरुद्ध भाराचे आयन जमतात व त्या पृष्ठाचा प्रभाव थोड्याच अंतरात झाकतात. हे अंतर दर लिटरला ०·१ मोल एकभारी क्षार असताना सु. १ नॅनोमीटर, तर ०·०१ मोल असताना सु. ३ नॅनोमीटर असते. म्हणून क्षाराचे प्रमाण बदलून एकाच प्रथिनाच्या दोन प्रतिमा घेतल्यास त्यांतील फरकावरून विद्युत् भाराची वाटणी काढता येते. या तत्त्वावर २००२ मध्ये आन्सगार फिलिपसेन, म्यूलर, एंगेल व सहकाऱ्यांनी आंत्रातील एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूच्या बाह्य पटलातील ओएमपी-एफ या रंध्र-प्रथिनाच्या तोंडाशी असलेल्या वर्चसाचा नकाशा मिळविला.

पॉल हान्स्मा व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या आयन-संवाहकता सूक्ष्मदर्शकात टोकाऐवजी क्षाराच्या विद्रावाने भरलेली काचनलिका असते. नलिका पृष्ठाजवळ गेली की तीतून वाहणारा आयनप्रवाह घटतो व त्यावरून अंतर समजते. यूरी कॉर्चेव्ह यांच्या गटाने २००० मध्ये या पद्धतीने हृत्स्नायूच्या जिवंत कोशिकेच्या पृष्ठाचा आलेख काढून त्यावर कार्यरत पोटॅशियम मार्ग कोठे आहेत ते दाखविले. पॅच क्लँप पद्धतीत नसलेली जागेची माहिती येथे प्रथमच तीत जोडली गेली.

बार्सेलोना येथील संशोधकांनी २००७ मध्ये विद्युत् संवाहक टोक वापरून जांभळ्या पटलाच्या एका थरातून जाणारा प्रवाह मोजला. २००९ मध्ये लॉरा फुमागाली, गॅब्रिएल गोमिला प्रभृतींनी अशाच पटलाचा अपारक स्थिरांक स्थानिक धारकतेवरून ठरविला. या निष्कर्षांचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. कोरड्या पटलातून टोकाकडे जाणारा प्रवाह इलेक्ट्रॉनांचा असतो, तर हे प्रथिन सजीवात प्रोटॉन वाहून नेते. म्हणजे जो गुणधर्म मोजला जातो तो पदार्थाचा असतो, प्रथिनाच्या कार्याचा असेलच असे नाही. पाण्यात मापन करताना आयन क्षेत्र झाकून टाकतात. आयनांना प्रतिसाद देण्यास वेळच मिळू नये म्हणून दर सेकंदाला लक्षावधी वेळा दिशा बदलणारे क्षेत्र लावले जाते. अशा रीतीने २०१३ मध्ये पाण्यातील लिपिड द्विस्तराचा स्थिरांक सु. ३ आला. फ्रिके यांनी १९२५ मध्ये जे मूल्य गृहीत धरले होते, त्याच्या आसपासचे मूल्य अशा तऱ्हेने ८८ वर्षांनी प्रत्यक्ष मापनाने मिळाले.

अलीकडील प्रगती : २०१० नंतर इलेक्ट्रॉन थेट मोजणारे शोधक उपलब्ध झाल्याने गोठविलेल्या प्रथिनांचे स्फटिक न बनविताही अणुपातळीच्या जवळ जाणारे नकाशे मिळू लागले. यीफान चेंग व डेव्हिड ज्यूलियस यांच्या गटांनी २०१३ मध्ये उष्णता व मिरचीतील तिखट द्रव्य यांना प्रतिसाद देणाऱ्या टीआरपीव्ही-१ या मार्गाची रचना ०·३४ नॅनोमीटर विभेदनाने दिली. या शीत-सूक्ष्मदर्शनाच्या विकासाबद्दल द्युबोशे, योआखिम फ्रांक व हेंडरसन यांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु अशा नमुन्यांत प्रथिनाच्या दोन्ही बाजूंना एकच विद्राव असल्याने पटलावरील वर्चस् शून्य असते. वर्चस्-संवेदी मार्गांची बहुतेक चित्रे त्यामुळे एकाच अवस्थेची आली. २०२२ मध्ये व्हेंकट मंडाला व मॅकिनन यांनी एका पोटॅशियम मार्गाचे रेणू लिपिडांच्या सूक्ष्म पुटिकांत (पोकळ गोलकांत) बसविले, पुटिकांच्या आतबाहेर पोटॅशियमचे प्रमाण विषम ठेवून पटलावर वर्चस् भेद निर्माण केला व त्याच स्थितीत त्या गोठविल्या. संवेदी मळसूत्र आतल्या बाजूस सरकलेले त्यांना दिसले. झडप-प्रवाहाच्या रूपाने १९७३ मध्ये मोजलेली हालचाल अशा प्रकारे विद्युत् क्षेत्राच्या प्रभावाखालीच पाहता आली.

एकाच रेणूचा प्रवाह व आकार एकाच क्षणी नोंदविणे मात्र कठीणच आहे. प्रवाह मोजण्यासाठी पटलाच्या दोन्ही बाजूंना एकमेकांपासून अलग असे द्रव लागतात. बल सूक्ष्मदर्शकाला पटलाखाली घट्ट आधार लागतो. आणि शीत-सूक्ष्मदर्शनात रेणू गोठल्याबरोबर त्याचे कार्य थांबते. तोशिओ आंडो यांच्या गटाने विकसित केलेल्या शीघ्रगती बल सूक्ष्मदर्शकाने २०१० मध्ये प्रकाश पडताच बॅक्टेरिओऱ्होडॉप्सीनच्या रेणूंत होणारी हालचाल चित्रित केली. तथापि तीबरोबर वाहणारे प्रोटॉन मोजलेले नव्हते. म्हणून पटल प्रथिनाचे कोणतेही चित्र वाचताना ते कोणत्या वर्चसाला, कोणत्या विद्रावात व कोणत्या आधारावर घेतले आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. त्याचप्रमाणे प्रवाहाची कोणतीही नोंद वाचताना ती रेणूच्या कोणत्या घडणीची आहे, हा प्रश्न शिल्लक राहतो. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील व वेदनाशमनाची अनेक औषधे याच मार्गांवर कार्य करीत असल्याने या दोन पुराव्यांचा मेळ घालण्याला व्यवहारातही मोठे महत्त्व आहे.